बरणी अ, बरणी ब

बुधवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, एका हातात धाकट्याच्या दुधाचा पेला धरून आणि दुसऱ्या हाताने अर्धवट बांधलेला अंबाडा सावरत ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली, आणि बरणी अ मध्ये तिला हिरवा ठिपका दिसला.

ठिपका मोहरीच्या दाण्याएवढा होता. दुसऱ्या कुणाच्या नजरेस आलाही नसता. पण बुरशी ओळखणं हा तिचा पोटापाण्याचा उद्योग होता. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत चौदा वर्षं ती हेच करत आली होती. रोग्यांच्या नखांतली, कातडीवरची, थुंकीतली बुरशी प्लेटवर वाढवायची, भिंगाखाली धरायची आणि तिचं नाव कागदावर लिहून द्यायचं. तिथे सगळे तिला बुरशीबाई म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यामुळे त्या ठिपक्याकडे तिला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही.

खिडकीत जॅमच्या दोन सारख्या बरण्या होत्या, उकळून कोरड्या केलेल्या. त्यांवर अगदी प्रयोगशाळेत लावतात तशा चिकटपट्ट्या होत्या: अक्षर, तारीख, वेळ. बरणी ब मध्ये कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या पावाचा तुकडा. बरणी अ मध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये वाटतात त्या, पावासारख्या फुगलेल्या भाकरीचा. प्रयोग तिच्या लेकीचा होता. लेक दहा वर्षांची, आणि बापाने तिचं नाव इन्स्पेक्टर ठेवलं होतं, कारण तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय घरातली कुठलीही वस्तू जागची हलत नसे.

झालं होतं ते असं. महिन्याभरापूर्वी संडे स्कूलच्या वर्गात इन्स्पेक्टरने विचारलं होतं की पाळकसाहेब भाकरीवर आशीर्वाद मागतात तेव्हा भाकरीत नेमकं काय बदलतं. शिकवणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, तुझी आई शास्त्र शिकलेली आहे ना, तिलाच विचार. पोरीने चर्चच्या पायरीवरच विचारलं. आई तेव्हा धाकट्याचा डावा बूट शोधत होती. "नंतर सांगते," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात पोरीने पुन्हा विचारलं, तेव्हा दूध उतू जात होतं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती फोनवर ड्यूटीचा तक्ता बघत होती. चौथ्यांदा पोरीने विचारलंच नाही. आणि त्याच सुमारास झोपण्याआधीच्या प्रार्थनेला ती डोळे मिटेनाशी झाली. आई प्रार्थना म्हणायला लागली की ही छताकडे बघत पडून राहायची, आणि आमेनच्या वेळी ओठ घट्ट मिटायची. आईने विचारलं, तेव्हा तिने रागारुसव्याशिवाय उत्तर दिलं.

"मी अजून ठरवलं नाहीये. आधी बघते."

त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर विकत आणत नसत. घरं वाटून घेतलेली होती, आणि ज्याची पाळी त्याने शनिवारी भाजून आणायची. गेल्या रविवारी यांची पाळी होती. नेहमीसारख्या घाईत तिने एकाऐवजी दोन भाकरी भाजल्या, एक बिघडली तर हाताशी असावी म्हणून. चांगली चर्चला गेली, दुसरी कापून बर्फाच्या कप्प्यात. उपासनेनंतर उरलेले तुकडे आवरायला थांबलेली मोठी माणसं खाऊन टाकत. बारा वर्षं पुरी झाल्याशिवाय मुलांना त्यातलं मिळत नसे. इन्स्पेक्टरने पाळकसाहेबांना गाठलं, आपण खाणार नाही असं कबूल केलं, आणि एक तुकडा रुमालात बांधून आणला. घरी येऊन तिने बरण्या मांडल्या आणि सांगून टाकलं: ही भाकर खरोखर वेगळी झाली असेल, तर साध्या पावासारखी खराब होणार नाही. आठवडाभर बघायचं, रोज चित्र काढायचं, आणि पुढच्या रविवारी काय झालं ते वर्गात उभं राहून सांगायचं. त्यावरून ती ठरवणार होती.

काय ठरवणार होती, ते आईने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

प्रयोगातली चूकही तिला तेव्हाच दिसली होती. बेकरीच्या पावात तो टिकावा म्हणून औषध घातलेलं असतं. घरच्या भाकरीत पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ, बस्स. बुरशी आधी घरच्या भाकरीला येणार, आशीर्वाद असो वा नसो. त्याच वेळी तिने सांगायला हवं होतं की बाळ, दोन्ही बरण्यांत एकाच पिठाचे तुकडे ठेव, नाहीतर तुलना कशाची करशील? पण धाकट्याचा कान दुखत होता, गणवेशाला इस्त्री व्हायची होती, नवरा कुठल्याशा इमारतीत मधेच अडकलेली लिफ्ट सोडवायला गेला होता. ती गप्प राहिली. पोर विसरेल, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि त्याच्याही खाली एक गोष्ट होती जी तिने स्वतःलाही धड सांगितली नव्हती. कोण जाणे, येणारही नाही बुरशी.

आता आली होती.

इन्स्पेक्टर साडेसहाला उठायची. उठल्यावर दात घासण्याआधी ती खिडकीशी येत असे. दहा मिनिटं उरली होती. बुरशीबाईने पेला खाली ठेवला, हात धुतले, बर्फाच्या कप्प्यातून दुसऱ्या भाकरीचा एक तुकडा काढून तळहातांत धरला. थंडीने हात दुखायला लागला तरी सोडला नाही. तुकडा नरम झाल्यावर तिने सुरीने त्याच्या कडा बेतल्या, साधारण त्याच मापाच्या. भुवयांच्या चिमट्याने आतला तुकडा बाहेर, बाहेरचा आत. झाकण फिरवलं. बरणी त्याच जागी, चिकटपट्टी खोलीकडे तोंड करून. चौदा वर्षं एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर बुरशी उचलणारा हात होता तो.

राहिला हिरवा ठिपकेवाला तुकडा. कचऱ्याच्या डब्याचं झाकण तिने पायाने उघडलं आणि तशीच उभी राहिली. आत चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, धाकट्याचं डायपर. झाकण आपटून बंद झालं. शेवटी तिने तुकडा एका छोट्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड दाबून बंद केलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिला.

मागून पावलं वाजली. "दूध सांडलंय," इन्स्पेक्टर म्हणाली, आणि खिडकीकडे गेली.

त्या दिवशी प्रयोगशाळेत तिचं कशातच लक्ष लागेना. बाहेरचं खाणं कामाच्या खोलीत आणायचं नाही हा तिथला पहिला नियम, आणि तिच्या पर्समध्ये खाणं होतं, त्यावर बुरशी होती, आणि ते नुसतं खाणंही नव्हतं. तिने पर्स कपाटात ठेवली. मग वाटलं, कपाट सगळ्यांचं आहे. पर्स काढून खुर्चीला लटकवली. रक्ततपासणीवाली मैत्रीण जेवायच्या सुट्टीत म्हणाली, पर्सला इतकं काय कवटाळून बसलीस, पगार झाला की काय मला न सांगता? आणि डबा उघडून बघते तर बुरशीबाईंनी घाईत मुलीचा डबा आणलेला. त्यावरून बराच वेळ हशा झाला.

दुपारी वॉर्डातून एका डॉक्टरांचा फोन आला. एका रोग्याची प्लेट तिसऱ्या आठवड्यातही कोरी होती. काही उगवत नाही असं लिहून द्या ना, म्हणजे आम्ही मोकळे. तिने नेहमीचं उत्तर दिलं, की बुरशीची प्लेट चार आठवडे ठेवावी लागते, त्याआधी नाही म्हणता येत नाही. डॉक्टरांनी जरा सूर चढवला. तिनेही जरा चढवला. मी न पाहिलेलं लिहीत नाही, ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

हात धुताना ती प्रार्थना करायची. नियमच होता तिचा, गेली कित्येक वर्षं. हात वीस सेकंद चोळायचे असतात, तेवढ्यात दोन्ही पोरं, नवरा, आई, जमलं तर वॉर्डातला एखादा रोगी. दिवसातून पंधरा वेळा हात धुतले की पाच मिनिटं होतात, असा तिचा हिशेब, आणि आपण वेळ कसा साधतो याचं तिला थोडं कौतुकही होतं. त्या दुपारी तिने साबण लावला, हात चोळले, आणि वीस सेकंदांत तिला एक शब्द सुचला नाही. पाणी वाहत राहिलं. मागे रांगेत उभा असलेला सफाई कामगार खाकरला, तेव्हा ती बाजूला झाली.

घरी आली तेव्हा इन्स्पेक्टर खिडकीशी वही घेऊन बसली होती. चित्र काढून झालं होतं. काय म्हणतोय प्रयोग, असं तिने भाजी निवडता निवडता, शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं. पोर म्हणाली, "काही नाही." आणि वही मिटून घेतली.

गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. दोन्ही तुकडे स्वच्छ, आणि पोरीचं तोंड बंद. बदललेल्या तुकड्यालाही चार दिवसांनी बुरशी येणारच होती, म्हणजे रविवार कसाबसा निघेल, असं आईने बोटांवर मोजलं, आणि मोजल्यावर स्वतःचीच शिसारी आली. रात्री प्रार्थनेला तिचे स्वतःचे डोळे मिटेनात. पोर छताकडे बघत होती आणि ती पोरीकडे.

शुक्रवारी संध्याकाळी नवरा बूट काढता काढता म्हणाला, "अगं, माझी उलटतपासणी झाली आज. तुम्ही बरणीला हात लावला होता का, धाकट्याचा हात तिथवर पोचतो का. त्याला खुर्चीवर चढवून मापसुद्धा घेतलं. काय, चोरी झालीय की काय घरात?"

तिने ताटं मांडली. जेवून घे, तुला पुन्हा कॉल येईल, एवढंच म्हणाली.

शनिवारी दुपारी नवरा धाकट्याला घेऊन केस कापायला गेला. ती कपड्यांचं मशीन लावून भांड्यांकडे वळली, आणि इन्स्पेक्टर वही घेऊन स्वयंपाकघरात आली. तिने ओट्यावरची भांडी बाजूला सारून जागा केली, वही उघडून ठेवली, दोन पानं.

"आई, हात पूस आणि बघ."

रविवारच्या पानावर तुकड्याचं चित्र होतं. पोरीला चित्रं काढायला तिनेच शिकवलं होतं, भिंगातून मुंगीचा पाय बघताना: जे आहे तेच काढायचं, जे असायला हवं ते नाही. पोरीने काढलं होतं. वरच्या कडेला करपलेला पट्टा. मधे तीन भोकं, त्यांतलं एक लांबट, घेवड्याच्या दाण्यासारखं. सोमवारी तेच. मंगळवारी तेच. बुधवारच्या पानावर करपलेला पट्टा नव्हता. भोकं पाच होती, सगळी गोल.

"हा तो तुकडा नाही," इन्स्पेक्टर म्हणाली.

मशीन फिरत होतं. आईने काही म्हणायला तोंड उघडलं, पण पोर पुढे बोलत होती, हळू आणि नीट, पाठ केल्यासारखी.

"बाबा नाही. धाकट्याचा हात पोचत नाही. मग दोनच शक्यता राहतात. मी मागे लिहिल्यात." तिने पान उलटलं. एक, देवाने तुकडा बदलून नवा ठेवला. दोन, आई. "तू केलं नसशील, तर ते देवानेच केलंय. मग मी उद्या वर्गात सांगणार. आणि रात्री डोळेपण मिटणार." ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती, मंगळवारच्या तुकड्याकडे बघावं तसं. "तू केलंस का?"

इतकं सोपं होतं ते. मान नुसती आडवी हलवायची. पोरीने स्वतःच सगळं जुळवून आणून ओट्यावर मांडलं होतं, वर दोन्ही हातांनी पुढे केलं होतं. उद्या वर्गात ती उभी राहील, डोळे चमकतील, रात्री हात जोडेल. आणि मग जन्मभर, जेव्हा जेव्हा तिला शंका येईल, तेव्हा ती या बरणीपाशी परत येऊन उभी राहील. या तुकड्यावर. माझ्या भुवयांच्या चिमट्यावर.

"मी केलं," आई म्हणाली.

इन्स्पेक्टरने पेन्सिल खाली ठेवली.

"बुधवारी त्याच्यावर बुरशी आली होती. तुला दिसू नये म्हणून मी बदलला."

"म्हणजे तुलाच वाटलं की देव ती भाकर नाही सांभाळणार."

आईने पदराला, मग टॉवेलला, मग पुन्हा पदराला हात पुसले. तिला सांगायचं होतं की असं नाही, मी घाबरले, तू हातातून निसटशील म्हणून घाबरले, की त्या दोन बरण्यांत पाव वेगळे होते, की देव असल्या परीक्षांना बसत नाही. सगळं खरं होतं, आणि सगळं आता उशिरा आलेलं होतं.

"हो," ती म्हणाली. "बुधवारी सकाळी मला तसंच वाटलं."

पोर जागची हलली नाही. रडलीही नाही. आई वाट बघत होती की ही आता उठून जाईल, आणि जाताना दार लावेल, आणि ते दार मग किती वर्षांनी उघडेल कोण जाणे. मशीनने पाणी सोडलं. इन्स्पेक्टरने नाक ओढलं.

"तो तुकडा कुठाय?"

"माझ्या पर्समध्ये."

"टाकला नाहीस?"

"टाकवेना."

यावर पोरीच्या कपाळावरची एक आठी जरा हलली. "दाखव," ती म्हणाली.

पिशवी बाहेर काढली तेव्हा तुकडा ओळखू येत नव्हता. करपलेला पट्टा तेवढा शिल्लक होता. बाकी सगळ्यावर निळसर हिरवी मखमल पसरली होती, कडेला पांढरी झालर. इन्स्पेक्टर पिशवीला नाक लावायला गेली, तशी आईच्या तोंडून सवयीने निघालं, वास नाही घ्यायचा, तोंडाला रुमाल बांध. आणि तेवढ्यावर न थांबता ती पलंगाखालून पेटी ओढायला गेली, का ते तिलाही नीट कळलं नाही. त्या पेटीत तिचा स्वतःचा मायक्रोस्कोप होता, आरशाचा, विजेशिवाय चालणारा. पहिल्या पगारातून जुना विकत घेतलेला. लग्नानंतर दोनदा उघडला असेल. भिंगांवर धूळ होती. शर्टाचं मऊ कापड शोधेपर्यंत ती दोनदा चिडली, एकदा पेटीच्या कडीवर आणि एकदा स्वतःवर.

दोघींनी तोंडाला रुमाल बांधले. आईने पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा हिरव्या मखमलीवर अलगद टेकवला, उचलला, काचपट्टीवर शाईचं पाणी टाकून त्यावर चिकटवला. मायक्रोस्कोप खिडकीत, दोन्ही बरण्यांच्या मधे. आरसा फिरवून उजेड पकडला. आधी स्वतः बघून नीट करायला म्हणून ती वाकली, आणि सवयीने तिच्या डोक्यात नाव येऊन बसलं. नाव आलं की ती पुढची पट्टी घेते. दिवसाला तीस.

पुढची पट्टी नव्हती.

ती वाकलेलीच राहिली. एक बारीक देठ, त्याला वर फुटलेल्या बोटांसारख्या फांद्या, आणि प्रत्येक बोटाच्या टोकातून निघालेल्या मण्यांच्या माळा, एकसारख्या, गोल, शाईने निळसर झालेल्या. एकामागे एक. कुणी ओवत बसल्यासारख्या. हे तिने हजारो वेळा पाहिलं होतं. कुणाच्या तरी फुप्फुसात आहे का नाही, एवढ्यासाठी.

"मला दे ना," इन्स्पेक्टर म्हणाली.

पोरीने डोळा लावला आणि तिचा श्वास रुमालाआड थांबला. मग सुरू झाला. मशीन थांबलं आणि पिक-पिक करू लागलं. कपडे बाहेर काढा. कुणीही गेलं नाही. पोर बोटांनी खिटी फिरवत होती, माळा अंधूक होत होत्या आणि पुन्हा उजळत होत्या, आणि आई तिच्या मानेच्या खळगीकडे बघत उभी होती. भांडी, कपडे, उद्याची इस्त्री हे सगळं तिच्या पाठीला टोचत होतं. तिने ते टोचू दिलं.

"हे सगळं तीन-चार दिवसांत?"

"हो."

"कोणी लावलं?"

"हवेत असतात बिया. येऊन पडतात. खायला मिळालं की उगवतात."

इन्स्पेक्टरने डोळा न काढता विचार केला. "म्हणजे याने प्रभुभोजन घेतलं."

आईने वळून तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या आधी घेतलं," पोर म्हणाली. आवाजात तक्रार होती. "आणि याला कुणी बारा वर्षं पुरी झाली का विचारलंपण नाही."

आईला हसू आलं, रुमालाच्या आत, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते कशाने, हे तिला सांगता आलं नसतं. तिने खिडकीच्या कठड्याला टेकून घेतलं. मग तिला आठवलं, आणि ती घाईत नाही, आठवत आठवत सांगू लागली: बायबलातली, वाळवंटातल्या लोकांना देवाकडून रोज सकाळी जमिनीवर अन्न मिळायचं ती गोष्ट. त्या दिवसापुरतं गोळा करा, असं त्यांना सांगितलेलं. काहींचा भरवसा बसला नाही, त्यांनी उद्यासाठी लपवून ठेवलं.

"आणि सकाळी त्यात किडे पडले," इन्स्पेक्टर म्हणाली. गोष्ट तिला वर्गात झालेली होती. तिने डोळा काढला. भिंगाची गोल खूण डोळ्याभोवती उठली होती. "मग मी ठेवायलाच नको होती बरणीत. ती ठेवायची नव्हती."

"असेल."

"असेल म्हणजे?"

"म्हणजे मला नक्की माहीत नाही."

पोरीने वही पुढे ओढली. बुधवारचं चित्र खोडायला तिने रबर उचललं, तेव्हा आईने तिचा हात धरला. असं नाही करायचं, तिने सांगितलं. आमच्या रजिस्टरमध्ये चूक कधी पुसत नाहीत. वरून एक रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, बाजूला खरं लिहायचं, तारीख टाकायची, आणि ज्याची चूक त्याने सही करायची.

"मग ही तुझी चूक आहे," इन्स्पेक्टर म्हणाली, आणि पेन तिच्या हातात दिलं.

तिने बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही चित्रांवर रेघ मारली. लिहिलं: चौथ्या दिवशी तुकडा अ वर बुरशी. आईने तुकडा बदलला. पुढे थोडं थांबून, दोन्ही पाव मुळातच वेगळे होते, हे आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तेही लिहिलं. सही केली. चौदा वर्षांत रजिस्टरमध्ये तिने एकदाही अशी सही केली नव्हती.

उद्या वर्गात काय सांगशील, असं तिने विचारलं. जे झालं ते, पोर म्हणाली. माझ्याबद्दलही? अर्थात. आईने मान हलवली. शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्यांच्यामार्फत सगळ्या चर्चचा. पण मान हलवून झाली होती.

त्या रात्रीही इन्स्पेक्टरने डोळे मिटले नाहीत. फक्त छताकडे बघायच्या ऐवजी ती कुशीवर वळली, आणि आई प्रार्थना करते कशी ते अगदी जवळून बघत राहिली. आईला एक वाक्य धड जमेना. ती दोनदा अडखळली, गप्प बसली, तशीच आमेन म्हणाली.

रविवारी सकाळी सगळं नेहमीसारखंच. इस्त्री राहिलेली. नवऱ्याला फोन, पण लिफ्टमध्ये अडकलेली माणसं सुदैवाने आपणच बाहेर आलेली. धाकटा एक बूट घालून घरभर उड्या मारतोय आणि दुसरा बूट जगातून नाहीसा झालेला. ती गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली हात घालत होती. खाली नवऱ्याने गाडीचा हॉर्न वाजवला. बूट हाताला लागला.

मागे वळली तर इन्स्पेक्टर उभी होती. वेणी घातलेली, वही काखेत.

"आई, मी परत विचारू?"

काय, ते विचारायची गरज नव्हती. तोंडात शब्द तयार होता, महिनाभर झिजून गुळगुळीत झालेला. घड्याळात उपासनेला बारा मिनिटं उरली होती, आणि वाटेला वीस लागत.

ती जमिनीवरच बसली, पाठ सोफ्याला लावून. बूट बाजूला ठेवला.

"भाकर भाकरच राहते," ती म्हणाली. "भिंगाखाली धरशील तर पीठच दिसेल. इतकं मला माहीत आहे. पण मी बारा वर्षांची असल्यापासून ती खातेय, आणि बहुतेक वेळा घाईत खातेय. त्यामुळे पुढचं मी नीट पाहिलेलं नाही. न पाहिलेलं मी तुला सांगत नाही."

"मग?"

"मग आज बघते."

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब. धाकटा येऊन तिच्या मांडीवर बसला आणि उघडा पाय पुढे केला. इन्स्पेक्टर हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर पटल्यासारखं काही नव्हतं, आणि न पटल्यासारखंही नव्हतं.

"मी तुझ्याशेजारी बसते," ती म्हणाली. "वर्गाला नंतर जाईन. तू खाशील तेव्हा मला बघायचंय."

आणि तिथेच, जमिनीवर बसून तिने वहीचं नवं पान काढलं, वर तारीख घातली, मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ लिहिली, आणि खाली चित्रासाठी जागा मोकळी सोडली.